काकूंचं बोलावणं

आमच्या खोलीच्या मालकीणकाकूंइतकी माणसांची भूक असलेली बाई अख्ख्या नाशकात दुसरी नसेल. हे मी जरा भीतभीतच लिहिते आहे, कारण मी नाशिक तरी कितीसं पाहिलं आहे? गंगापूर रोडची एक गल्ली, कॉलेज आणि आमच्या गावाकडे जाणारी वणीची एसटी लागते तो स्टँड. पण त्या गल्लीत मी तीन वर्षं राहिले आणि तेवढ्या काळात काकूंना एकटं बसलेलं एकदाही पाहिलं नाही, एवढं खात्रीनं सांगते.

काका वारले होते, मुलगा पुण्याला नोकरीला होता. मागची खोली त्यांनी कॉलेजच्या मुलीला भाड्यानं दिली ती घरात बोलायला कोणी असावं म्हणून, आणि त्यांच्या वाट्याला मी आले. पहिल्या महिन्यात मी त्यांच्याशी ‘हो’, ‘नको’ आणि ‘पाणी गेलं का?’ एवढंच बोलले असेन. काकूंनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांची माणसं जमवण्याची पद्धतच वेगळी होती. त्या आधी काम काढायच्या. एकट्या राहणाऱ्या बाईनं चार किलो मटार आणले तर ते सोलायला माणसं लागणारच. “एवढे कशाला, काकू?” असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: “स्वस्त मिळाले.” लसूण स्वस्त मिळायचा, गवार स्वस्त मिळायची. एकदा लोकरीची गुंडाळी करायला सात बायका बसल्या होत्या आणि लोकर एकाच स्वेटरची होती. विजेचं बिल भरायला त्या स्वतः जायच्या आणि रांगेत नंबर जवळ आला की मागच्याला पुढे करायच्या, कारण गप्पा अर्ध्यावर असायच्या. कॅरम खेळायला कोणाकडे गेल्या की आपला स्ट्रायकर तिथेच विसरून यायच्या. तो परत द्यायला दुसऱ्या दिवशी कोणीतरी येणारच. संध्याकाळी ‘सोमेश्वरच्या देवळापर्यंत चालून येऊ’ म्हणून आठ-दहा जणींना घेऊन निघायच्या. प्रत्येक फाटकापाशी थांबत थांबत जायचं, म्हणून तीन वर्षांत आम्ही सोमेश्वरला एकदाही पोचलो नाही.

केबल तेव्हा गल्लीत नुकतीच आली होती. काकूंकडेही टीव्ही होता, पण त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर तीन पोळपाट. “टीव्हीतली माणसं बोलतात गं पुष्कळ,” त्या म्हणायच्या, “पण मध्येच थांबून आपल्याला काही विचारत नाहीत.”

मला मात्र कोणी काही विचारू नये असंच वाटायचं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वर्गात मी तोंड उघडलं की ‘हाय’ आणि ‘नाय’ बाहेर पडेल आणि सगळे मागे वळून बघतील, या भीतीनं मी तोंडच उघडत नसे. प्रॅक्टिकलच्या सरावाच्या तोंडी परीक्षेत उत्तर येत असून मी गप्प उभी राहिले आणि सरांनी शून्य दिलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “नाय जमलं तर गुमान परत ये. झेंडू खुडाया हात कमीच हायेत.” ते रागानं म्हणाले नव्हते, म्हणून जास्त भीती वाटायची. वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर माझं कॉलेज संपणार होतं. त्या परीक्षेला आठवडा राहिला होता आणि काकूंनी उडदाचे पापड काढले. पाच किलोचे.

पापडाचं बोलावणं करायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. बारा घरं. “उद्या सकाळी आठला या, आपलं पोळपाट-लाटणं घेऊन या, एवढंच सांगायचं,” त्या म्हणाल्या. मी पहिल्या दारापाशी गेले, घंटेवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग खोलीवर येऊन वहीचं पान फाडून बारा चिठ्ठ्या लिहिल्या, सुंदर अक्षरात, आणि प्रत्येक दाराखालून आत सरकवून दिल्या. मला वाटलं, काम झालं.

सकाळी काकूंनी तेलाचा हात लावून पीठ कुटलं. आठ वाजले, साडेआठ झाले. कोणीही आलं नाही. भिजवलेलं पीठ थांबत नाही. वरून कोरडं पडायला लागलं की पापड फाटतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलं तर आंबतं. काकूंनी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“कोण कोण काय म्हणालं तुला?”

मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. त्यांनी फडक्याच्या कडा दाबून बसवल्या. मग म्हणाल्या, “अगं, चिठ्ठी विजेच्या बिलाची येते. लाटायला माणूस तोंडानं बोलावतात. आता तूच जा. मी उठले तर हे पीठ मरेल.”

मी गेले. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाईंनी दार उघडलं आणि मी एका दमात सांगून टाकलं, “काकूंचं पाच किलो पीठ वाळतंय, अन् चूक माझी हाय.”

बाई हसल्या. “चिठ्ठी मिळाली गं. पण काकूंची चिठ्ठी म्हटल्यावर मला वाटलं, त्यांचा घसा बसलाय, म्हणजे पापड काही होत नाहीत.”

‘हाय’ त्यांनी ऐकलंच नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं असावं. त्या पोळपाट शोधायला आत गेल्यासुद्धा. पाचव्या घरापर्यंत माझा आवाज नीट निघायला लागला. नवव्या घरात मी पाणी मागून प्यायले आणि त्यांच्या सुनेला कितवा महिना ते विचारून आले. परतले तेव्हा काकू म्हणाल्या, “पाठवलं होतं बोलवायला, ही मुक्कामालाच गेली.” अकरा जणी लाटत होत्या. थोडे पापड फाटलेच.

आठवड्यानं तोंडी परीक्षा झाली. समोरचे सर म्हणजे दार उघडून उभे राहिलेले कोणीतरी आहेत असं समजून मी बोलले. एकदा ‘नाय’ गेलंच. पास झाले.

आता मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकूंचा मुलगा बदली होऊन नाशकात आला, त्यानं पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला आणि काकूंना तिथे नेलं. गेल्या रविवारी मी त्यांना भेटायला गेले होते. संध्याकाळची वेळ. मुलगा-सून बाहेर गेले होते. जिन्यात प्रत्येक बंद दारामागून एकाच मालिकेचा आवाज येत होता, त्यामुळे चौथ्या मजल्यापर्यंत मला गोष्ट कळत गेली. काकूंचे गुडघे दुखतात, त्या फारशा उठत नाहीत. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर मटारचा ढीग.

“एवढे कशाला, काकू?”

“स्वस्त मिळाले.”

आम्ही दोघी सोलत बसलो. ढीग काही कमी होईना. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “समोर कोण राहतं हो तुमच्या?”

काकूंनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. “माहीत नाही गं,” त्या म्हणाल्या.

मी चपला घातल्या. समोरच्या दाराची घंटा वाजवली आणि आतला टीव्हीचा आवाज कमी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.