दिसणाऱ्यांसाठी नाही

पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा धाकट्या बहिणीनं एकच अट घातली. एकही पान सोडायचं नाही. "डोळेवाल्यांना जे मिळतंय ते सगळं मला पायजे," म्हणाली. म्हणून फोनसमोर बसून मी सगळ्यात आधी वाचलं ते आतल्या पानावरचं बारीक अक्षर. सर्व हक्क राखीव. लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात, छायाप्रत वा ध्वनिमुद्रण करून... तिथं माझीच जीभ अडखळली. घरी ऐकताना बहीण हसून आडवी झाली. "आक्का, बंदी हाय तेच करतीयास आणि बंदी बी वाचून दावतीयास. आवाज बघ कसा झालाय, चोर पकडल्यागत."

मी चोर नव्हते. सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी सहायक आहे, कंत्राटावर. आमचं गाव वडूजच्या अलीकडं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आबा सातवी झाल्यावर शाळा सोडून पुढं फौजेत गेले, आईला सही करायची तरी आधी मनात जुळवावी लागते. मी बी.ए. केलं, मग ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, आणि हे सांगताना मी कधी लाजत नाही. ज्या घरात छापील कागद म्हणजे खताच्या पोत्यावरचा, त्या घरातली पोरगी पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते. मला त्याचा गर्व आहे, असू दे.

बहिणीला दहावीनंतर डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. आधी अंधारातलं दिसेना, मग कडेचं, मग समोरचं. तरी ती माझ्याच कॉलेजात इतिहास घेऊन शिकायला आली. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. शेवटच्या वर्षाला एक पेपर आमच्याच मुलखावर होता. दुष्काळ, तलाव, कालवे. त्याला पुस्तक एकच. बाजारातल्या नोट्स त्याचंच पाणी घातलेलं ताक.

त्या पुस्तकाच्या आमच्याकडं बऱ्याच प्रती होत्या. महापुरात तळमजला बुडाला तेव्हा त्या गेल्या. एक प्रत बांधणी सुटली म्हणून शिवणीसाठी वरच्या खोलीत ठेवली होती म्हणून तेवढी वाचली. नवी घ्यावी तर छापणं कधीच बंद झालेलं. लेखक वारलेले. प्रकाशकाला पत्र टाकलं, ते परत आलं. जुन्या नंबरावर फोन लावला तर एका माणसानं शांतपणे सांगितलं, "बाई, इथं पडदे शिवतात." म्हणजे हक्क कुणाकडं आहेत हे सांगणारं कुणी नाही. पण हक्क आहेत. लेखक गेल्यावरसुद्धा साठ वर्षं असतात. माणूस नाही, दुकान नाही, पुस्तक नाही, आणि हक्क तेवढे ठणठणीत.

आमचे ग्रंथपाल सर घाबरट म्हणता येणार नाहीत, पण निवृत्तीला आलेल्या माणसाला कोऱ्या कागदाचीही धास्ती असते. त्यांनी त्या प्रतीवर 'फक्त येथेच वाचण्यासाठी' असा शिक्का मारला. झेरॉक्स नाही, फोटो नाही. मी विचारलं, जिला दिसत नाही तिनं इथं बसून काय वाचायचं? ते म्हणाले, "कॉपीराईट आहे, बाई. माझ्या हातात काय?"

मग मी कायदाच काढून वाचला. जड भाषा, एकेका वाक्याला दम लागावा अशी, पण वाचला. त्यात दिव्यांगांसाठी सूट आहे. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक ऐकता येईल असं करून देता येतं, नफा न घेता, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ते कलम मी सरांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा मला पदवी मिळाली त्या दिवशीसारखं वाटलं. सरांनी चष्मा लावून तीनतीनदा वाचलं आणि माझ्याकडून हमीपत्र मागितलं. ध्वनिमुद्रण फक्त दृष्टिहीन विद्यार्थिनीसच दिले जाईल, अन्य कोणासही नाही. मी झोकात सही ठोकली.

कॉलेज सुटल्यावर शिवणीच्या खोलीत बसून मी वाचायची. आवाज येतो म्हणून पंखा बंद. घाम पुसत, कुजबुजल्यासारखी वाचायची, कारण शेजारीच सरांचं टेबल. प्रकरणं पुढं सरकत होती, बहीण पाठ करत होती, आणि मी स्वतःवर खूश होते.

बहिणीची एक मैत्रीण आहे, म्हसवडकडची. कॉलेजमागच्या मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ चपात्या लाटते, तिथंच राहते, तिथंच जेवते, त्यावर शिकते. बहिणीला हात धरून वर्गात नेणारी तीच. मला ती 'आक्का' म्हणायची. एके दिवशी ग्रंथालयात येऊन काउंटरपाशी उभी राहिली.

"आक्का, मी काम हातानं करते, कान रिकामेच असत्यात. ते रेकॉर्डिंग मला बी द्या की."

"देता येत नाही गं. ते फक्त दृष्टिहीनांसाठी आहे. कायदाच तसा आहे."

"म्हंजे मला दिसतंय म्हणून न्हाई."

"तू इथं बसून वाच. पुस्तक आहे ना."

"कवा?"

ग्रंथालय दहाला उघडतं, पाचला मिटतं. दहा ते पाच तिचे तास, पाचनंतर लाटणं.

"डोळं मिटून ऐकलं तर चालंल का?" तिनं विचारलं. हसली नाही. मग म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या, म्याडम," आणि गेली.

त्या 'म्याडम'नं माझी झोप घालवली. पुस्तकं चुकीच्या कपाटात लावायला लागले. घरी जायचं सोडून कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन उभी राहायला लागले, आणि तिथंही उभं राहवेना. लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत हे मला मान्य आहे. दुकानात मिळणारं नवं पुस्तक पोरं अख्खंच्या अख्खं झेरॉक्स करून आणतात तेव्हा मी त्यांना झापते. पण हे पुस्तक कुठं विकत मिळतच नाही. मग बुडतंय कुणाचं? कुणाचंच बुडत नसेल तर मी राखण कशाची करतेय? लगेच दुसरं मन म्हणायचं, राखण नोकरीची करतेयस, बाई. जूनमध्ये कंत्राट नवं व्हायचं आहे. सही तुझी आहे. ज्या कलमानं बहिणीला दार उघडलं त्याच कलमानं मी ते दुसरीच्या तोंडावर लावत होते, आणि दोन्ही वेळा कायद्यानंच वागत होते.

आबांना फोन केला. फौजेतून आलेला माणूस, त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकार. लेखी आणि तोंडी.

"लेखी हाय का?"

"आहे. माझीच सही आहे."

"मग इचारतीयास कशाला? पाळायचं." त्यांनी मागं चाललेला रेडिओ बारीक केला. मग म्हणाले, "पर ती पोरगी नापास झाली तर रिपोर्ट कुणाला करायचा, ते लिवलंय का त्यात?"

"नाही."

"मग अर्धीच ऑर्डर हाय ती." आणि फोन आईकडं दिला.

परीक्षा जवळ आली तशी बहीण माझ्याशी कमी बोलायला लागली. उजाडायच्या आत मैत्रीण तिला न्यायला यायची. "फिरायला जातो," एवढंच बहीण सांगायची. एकदा ती परत आली तेव्हा तिच्या ओढणीवर पीठ होतं. दुसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन मी त्यांच्या मागं गेले. स्वतःच्या बहिणीच्या मागं असं जाताना कसं वाटतं ते विचारू नका.

मेसचं मागचं दार उघडं होतं. आत शेगडीचा भडका, भलामोठा तवा, आणि भिंतीला लागून ओळीनं पोळपाट मांडून बसलेल्या बायका. बहीण तेलाच्या डब्यावर बसलेली. तिच्यापुढं रिकामं पातेलं, पातेल्यात फोन उभा केलेला, आवाज घुमावा म्हणून. आणि त्या पातेल्यातून माझा आवाज येत होता. दुष्काळात तलावाच्या कामावर बायका खडी फोडायला कशा आल्या, मजुरीला धान्य कसं मिळायचं, हे मी सांगत होते आणि लाटणी चालली होती. मैत्रिणीचे ओठ हलत होते. ती पाठ करत होती.

मी दारातच थांबले. बहिणीला माणूस न बघता कळतं.

"आक्का आलीय," ती म्हणाली. लाटणी थांबली. फोन तेवढा चालूच राहिला. मीच बोलत होते, आणि मलाच बोलता येत नव्हतं.

"हे काय चाललंय?" शेवटी मी विचारलं.

"ऐकतीय मी. रेकॉर्डिंग माझ्याकडंच हाय, कुणाला दिलं न्हाई. बाकीच्यांच्या कानात काय कणकेचे बोळे घालू?"

एक बाई फिस्सकन हसली. मी मनात ते कलम शब्दाशब्दानं फिरवून पाहिलं. देणं होतं, करणं होतं, वाटणं होतं. शेजारी बसून ऐकणं कुठंच सापडेना. नसेलच असं नाही. मी वकील नाही.

तव्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या मावशी माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "पोरी, तलावाचं परत लाव गं. ह्यांच्या बोलण्यात ऱ्हायलं."

"परत लावून काय, मावशी," मैत्रीण म्हणाली. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. "म्याडमचा आवाज लय बारीक हाय. लाटण्यात निम्मं कळतच न्हाई."

मी परत फिरले. रस्त्यात चपला पायात घातल्या. हमीपत्र मोडलं की नाही, याचा निकाल मला आजही लावता येत नाही. कपाटाला कुलूप लावताना तो प्रश्न येतोच. सरांना सांगावं असं वाटलं, आणि सांगावं असं काय घडलं तेही नीट मांडता येईना. पुस्तकाची शेवटची प्रकरणं वाचायची राहिली होती, आणि परीक्षा आलीच होती.

त्या संध्याकाळी शिवणीच्या खोलीत बसले, पंखा बंद केला, फोन जवळ ओढला आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जावं अशा आवाजात सुरुवात केली. शेजारच्या टेबलावरून सर उठून आले.

"एवढ्या मोठ्यानं कशाला वाचता? तिला दिसत नाही. ऐकू तर येतं ना?"

"येतं की," मी म्हटलं, आणि पान उलटलं.