मंदाबाईचा उजवा हात
धानाच्या रोवण्यात मंदाबाईची बरोबरी करणारी बाई मोहाडीच्या आसपास सापडायची नाही. सकाळपासून सांजेपर्यंत चिखलात वाकलेली, वर तोंडाचा पट्टा सुरूच. अशा बाईला छातीचा कॅन्सर झाला, नागपुरात उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, आणि घरच्यांना सेवेचं वेडच लागलं.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनं नीट बजावलं होतं: रोज अर्धा तास चाला, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या. थकवा कमी होईल, हात आखडणार नाही. घरी येऊन मंदाबाईनं भिंतीला बोटं लावली, तर नवरा बुधराम ओरडला, "अवं, काहून उठून राहिली? टाके तुटतीन!" अंगणात चार फेऱ्या मारल्या, तर शेजारची सत्यवती म्हणाली, "बिमार बाईले फिरवून राहिले काय जी? दयामाया हाय का नाही?" झालं! मुलाची, हेमराजची, अब्रूच गेली. त्या दिवसापासून मंदाबाई खाटेवर. सून नीतू घास भरवायची. हेमराज येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचा, "आईले गिलासबी उचलू देत नाही आमी." आणि खोटं कशाला बोला, मंदाबाईलाही ते गोड लागलं. जन्मात पहिल्यांदा तिला कोणी आयतं देत होतं.

पुढं रेडिएशनसाठी नागपूरला नेलं. मशीनखाली झोपवून तिथला माणूस म्हणाला, "हात डोक्यावर घ्या." हात खांद्यापर्यंतही जाईना. त्यानं धरून वर न्यायला पाहिलं, तशी ती किंचाळली. डॉक्टर म्हणाले, हात वर गेल्याशिवाय किरणं देता येणार नाहीत. आधी व्यायाम करा, तीन आठवड्यांनी या.

"तवरक बिमारी थांबते का, साहेब?" मंदाबाईनं विचारलं.

"उशीर व्हायला नको होता," डॉक्टर एवढंच बोलले.

घरी येताच ती भिंतीपाशी उभी राहिली. बोटं वीतभर चढली आणि डोळ्यांत पाणी आलं. नीतू खुर्ची घेऊन धावली. "हट! दूर हो!" मंदाबाई तिच्यावर खेकसली.

"आई, आमी तं तुह्या भल्यासाठीच केलं," हेमराज रडकुंडीला आला.

"मारायचंच होतं तं कामानं मारायचं होतं रे. लाडानं काहून मारलं?"

बाहेर सत्यवती डोकावताना दिसली. बुधराम लगबगीनं दार लोटायला उठला.

"राहू द्या उघडं," मंदाबाई म्हणाली. "तिच्याच भेवानं मले खाटेवर टाकलं ना तुमी? आता पाहू द्या तिले."