शेजारच्या गायीचं यकृत

जनावरांच्या पॅथॉलॉजीची परिषद दरवर्षी भरते आणि ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा सारांश, पाठवायची शेवटची तारीख दरवर्षी पुढे ढकलली जाते. हे ठाऊक असूनही मी पहिल्याच तारखेला धरून घायकुतीला येते. घरात भांडी आपटतात, वरणात मीठ दोनदा पडतं. नवरा म्हणतो, "बरं झालं गुरांची डॉक्टर झालीस. माणसं पळून गेली असती."

रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत माझं काम चालतं. मेलेल्या जनावरांच्या अवयवांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि जनावर कशाने गेलं ते सांगायचं. यंदाचा विषय मी आधीच ठरवला होता. उन्हाळा जवळ आला, गवत वाळलं, की आमच्याकडच्या गायींना कावीळ होते, कारण भुकेने त्या घाणेरी खातात. कुंपणाला वाढणारी ती रंगीबेरंगी फुलांची घाणेरीच. तिचं विष थेट यकृतावर जातं. माझ्याकडे अशा काही गायींचे नमुने होते, आणखी एखादी चांगली केस मिळाली तर सारांश भरीव झाला असता. देवाने ऐकलं, पण नको त्या पद्धतीने.

आमची आंब्याच्या कलमांची बाग पालीजवळ आहे. आम्ही राहतो रत्नागिरीतच, मांडवीला. शनिवार-रविवारी नवरा बागेत जातो, सासूबाई सोबत असतात, मला सुट्टी असली तर मीही. बागेला लागून एका काकीचं घर आहे. मुलगा मुंबईला, इथे ती आणि तिची गुरं. दोन्ही जागांच्या मधे वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण आहे, आणि वईत बांबूचं बेडं, ढकलून उघडायचं फाटक. काकी पाण्याला जायची ती त्या बेड्यातून, आमच्या बागेतून, कारण विहीर त्या वाटेने जवळ पडते. जाता-येता सासूबाईंशी दोन शब्द बोलायची. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचं.

एका रविवारी सकाळी काकीनेच हाक मारली. गाय गेली, येऊन बघ. गोठ्याबाहेर ती पडली होती आणि तिच्या पापण्या, हिरड्या, सगळं हळदीसारखं पिवळं. काकी लांब फणसाखाली उभी राहिली, जवळ आली नाही. फक्त एकदा विचारलं, "बाय, तुम्ही मोरचूद कधी लावलात?"

मी वळून आमच्या बागेकडे बघितलं. आदल्या रविवारी नवऱ्याने कलमांच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला होता, आणि उरलेलं मिश्रण पिंपात तसंच उघडं राहिलं होतं. मोरचूद म्हणजे तांबं. गुराने ते रोज थोडं थोडं चाटलं तर यकृतात साठतं, मग एक दिवस रक्तातल्या पेशी फुटतात आणि गाय पिवळी पडून मरते. घाणेरीनेही पिवळी पडते. वरून बघून सांगायचं कसं?

मी गाय उघडली. यकृत सुजलेलं, पित्ताशय टम्म. मूत्रपिंड काळपट दिसलं. तांब्याच्या विषात ते काळवंडतं, पण गाय जाऊन वेळ झाला की तसंही काळवंडतंच. पोटात घाणेरीची पानं होती, ती तर या दिवसांत निम्म्या गुरांच्या पोटात मिळतात. माझा अंदाज घाणेरीचा होता. पण मला तो घाणेरीचाच हवा होता, आणि जे आपल्याला हवं ते डोळ्यांना दिसायला वेळ लागत नाही. म्हणून मी ठरवलं की या स्लाइड्स आपण वाचायच्या नाहीत. यकृताचे आणि मूत्रपिंडाचे पातळ काप घेतले, फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकले, त्यात ते बाहेरही नासत नाहीत. गाय काकीने मीठ घालून नव्या माडाच्या खड्ड्याजवळ पुरली. दुसरा नमुना मिळणार नव्हता.

संध्याकाळी मांडवीला परतलो. प्रयोगशाळा बंद, म्हणून बाटली पिशवीत गुंडाळून मागच्या पडवीत फळीवर ठेवली. सकाळी उठून बघते तर फळी रिकामी.

बाटली फ्रीजरमध्ये होती. सुरमईच्या तुकड्यांशेजारी, वरून आणखी एक पिशवी घालून नीट बांधलेली.

"आई, ही तुम्ही ठेवलीत?"

"मग? रात्रभर बाहेर ऱ्हायलं असतं तर नासलं नसतं? मासळीसुद्धा टिकत नाय, ते तर काळीज."

मी किती ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. इथे यकृताला काळीजच म्हणतात, आणि आमच्या घरात मांस म्हणून जे जे येतं ते बर्फात जातं, हा इथला धर्मच आहे, आणि त्या धर्माला फॉर्मेलिन ठाऊक नाही. गोठवलं की पेशींमध्ये बर्फाचे खडे होतात, वितळल्यावर तिथे भोकं उरतात, आणि मग भोक रोगाचं की फ्रीजरचं हे सांगता सांगता माणूस टेकीला येतो. माझा आवाज खाली आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ती बाटली हरवली-नासली असती तर आपल्या अंगावरचा आळ कधी गेलाच नसता गो. म्हणून ठेवली." मग मला ओरडल्याचं वाईट वाटलं. त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बाटली ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला पाठवली. माझी वर्गमैत्रीण तिथे हेच काम करते. गाय कुणाची, बाग कुणाची, काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, चुकून गोठलंय, वाचता येतं का बघ.

पुढच्या शनिवारी पालीला गेलो तर बेडं बंद. बंद म्हणजे काकीच्या बाजूने काथ्याने घट्ट आवळून बांधलेलं, वर बाभळीची काटेरी फांदी. वईतली भगदाडंही बुजवलेली. काकी रस्त्याच्या लांबच्या वाटेने हंडा घेऊन जाताना दिसली. सासूबाईंनी हाक मारली, तिने मान खाली घातली आणि चालत राहिली. नवरा पिंपाकडे बघत बसला. त्या दिवशी आम्ही तिघंही नीट जेवलो नाही.

इकडे परिषदेची तारीख आली. सारांश लिहायला घेतला तर त्यात एक रकाना असतो: लेखकाचे या संशोधनात काही हितसंबंध आहेत का. इतकी वर्षं मी तिथे 'नाहीत' लिहून पुढे जात आले. या वेळी तिथे अडकले. शेवटी लिहिलं, 'यातली एक गाय लेखिकेच्या कुटुंबाच्या बागेशेजारच्या घरातली आहे.' निष्कर्षाची जागा मोकळी सोडली. आमच्या क्षेत्रात 'निष्कर्ष परिषदेत मांडले जातील' असं लिहून वेळ मारून नेतात, पण मला ते जमेना. सुदैवाने तारीख पुढे ढकलली गेली. जन्मात पहिल्यांदा मी आयोजकांना दुवा दिला.

मैत्रिणीचा फोन दुपारी आला. मी प्रयोगशाळेच्या पायरीवर जाऊन बसले. "कापांच्या मधे भोकंच भोकं आहेत," ती म्हणाली. "कुणी केला हा उपद्व्याप? पण तू काप पातळ घेतलेस म्हणून वाचलीस. कडांपर्यंत फॉर्मेलिन पोचलं होतं, तिथे सगळं स्वच्छ दिसतंय. घाणेरीच आहे. मूत्रपिंडात रक्त फुटल्याची खूण नाही. तांबं दाखवणारा रंग मुद्दाम लावून बघितला. काही नाही."

"तांब्याचा का लावलास?" मी विचारलं.

"कोकणातली गाय, कलमांचा भाग. कुणीही लावेल."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. रडू आलं, आणि येऊ दिलं. मग निष्कर्ष लिहिला, सारांश पाठवला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं. पण काकीला सांगायचं कसं? आमचीच डॉक्टर आम्हाला निर्दोष म्हणणार. तिने का ऐकावं?

रविवारी मी आणि सासूबाई लांबच्या वाटेने तिच्या अंगणात गेलो. मी सगळं सांगितलं, पिंप उघडं राहिलं तेसुद्धा. फ्रीजरचंही सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजे तुमच्या मोरचुदान नाय?"

"नाही, काकी."

ती खाली बसली. "मला वाटला, तीच मेली चाटायला गेली. आठवडाभर तुमच्या बागंत शिरत व्हती. मी हाकलीत व्हते, तुमाला बोल्ले नाय. माझीच गाय वई मोडून तुमच्यात शिरते, नि मरते तीबी तुमच्या पिंपान. लोक तुमाला बोलले असते. तोंड कसा दाखवू? म्हनून बेडं बांधून टाकलं, तिची पाडी तरी शिरायला नको."

सासूबाई आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्ही तो काथ्या राग म्हणून वाचला होता. इतके दिवस दोन्ही घरं आपापल्या अपराधाला कवटाळून लांबून लांबून चालत होती, आणि खरी अपराधी वईतच फुलली होती. मला हसू आवरेना. सासूबाईंनाही नाही.

"नि माझ्या गायीचं काळीज तुमी सुरमयशेजारी ठेवलात, वयनी?" काकी म्हणाली.

"चांगल्या सुरमयशेजारी," सासूबाई म्हणाल्या.

मग ती कोयता आणि हंडा घेऊन उठली, आम्ही मागोमाग. काटेरी फांदी बाजूला केली, काथ्या कापला. बेडं करकरत उघडलं.

"ह्या सगळ्याचा तू काय लिवलंस म्हनतेस, त्यात गायीचं नाव घातलंस?" तिने विचारलं.

"नाव घालायची पद्धत नाही, काकी."

"मग ती कुनाची कोन, कसा समजायचा?"

मग तो रकाना आठवला. "शेजारची आहे, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"मग बरा झाला," काकी म्हणाली, हंडा कमरेवर घेतला आणि आमच्या बागेतून, जवळच्या वाटेने, पाण्याला गेली.