साधनाच्या नावाची पत्रिका

मखमलाबादच्या साधनाला मोबाईलमधलं सगळं कळतं, अशी गावात ख्याती होती आणि ती साधनालाही मान्य होती. वडिलांना सोप्या पासवर्डवरून टोमणे मारायचे, आईने भलती लिंक उघडली की कपाळाला हात लावायचा. स्वतःचा फोन मात्र काही विचारू लागला, की बाईसाहेब न वाचता ‘अलाऊ’ दाबायच्या. वाचत बसायला वेळ कुणाला आहे?

त्या सकाळी मळ्यात शेवंती खुडताना कॉलेजातल्या कुंदनच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फोनने धोक्याची सूचना दिली, हिने सवयीने ‘अलाऊ’ दाबलं. पत्रिका काही दिसली नाही. ती पुन्हा फुलांकडे वळली.

थोड्या वेळाने कुंदनचाच फोन आला. त्याचा मोबाईल हॅक झाला होता. ती पत्रिका नव्हतीच, बँकेचे मेसेज चोरून वाचणारं अ‍ॅप होतं. साधनाने घाईघाईने व्हॉट्सअ‍ॅप पाहिलं. तीच पत्रिका आता तिच्या नावाने सगळीकडे गेली होती, फूलबाजारातल्या बायकांच्या ग्रुपवरसुद्धा. तो ग्रुप तिनेच केला होता, फोनवर पैसे घ्यायलाही त्यांना तिनेच शिकवलं होतं. मेसेज पुसायला गेली तर फोन अडकून बसला. तिने तो बंद केला, वडिलांचा घेतला, पण एकीचाही नंबर पाठ नव्हता.

मग तिने फूलबाजाराकडे स्कूटी दामटली. पंचवटीत सिग्नलला अडकली तेव्हा तिला रडूच फुटलं. या बायकांची रोजची कमाई आता त्यांच्या फोनवरच जमा होत होती. पण अनोळखी फाईलला हात लावायचा नाही, हे त्यांना शंभरदा बजावलंय, कुणी उघडणार नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली.

बाजारात त्या ग्रुपमधली भागुबाई हार ओवत बसली होती. साधनाने धापा टाकत पत्रिकेचं विचारलं.

“उघडली ना, समद्याजणींनी उघडली,” भागुबाई हसून म्हणाली. “तुझं नाव दिसलं. पोरीचं लगीन ठरलं म्हनलं, लय आनंद झाला. पन दिसंनाच काही.”

साधनाने तिचा फोन जवळजवळ हिसकावलाच. नेट बंद केलं. चूक माझी आहे मावशी, आधी बँकेत चला, असं ती भराभर सांगत सुटली. भागुबाईला त्यातलं निम्मंच कळलं.

“मंग लगीन नाय ठरलं?” तिने हळूच विचारलं.

 साधना शेजारच्या बाईचा फोन मागायला वळली.