मांडीखाली दाबलेले पाय

इंग्रज अमदानीतली गोष्ट. सोलापुरात मी नुकताच मास्तर झालो होतो. शाळा सुटली की सात रस्ता चौकातून घरी जाताना गिरणीच्या मैदानापाशी रेंगाळायचो. तिथे एक माणूस रोज दिसायचा. नाव कधी विचारलं नाही. एकेकाळी गिरणीच्या फुटबॉल संघासाठी सगळ्यात जास्त गोल त्यानेच मारले होते, तेही अनवाणी. आता तो संघाला शिकवायचा. सामना सुरू झाला की कडेला बसून दोन्ही पाय मांडीखाली घट्ट दाबून धरायचा. मला हसू यायचं.

एकदा चेंडू घरंगळत थेट त्याच्यापुढे आला. त्याने तो हातांनी उचलला, धोतराला पुसला आणि आत फेकला.

मी म्हणालो, "अहो, एक लाथ मारायची की!"

"नगं मास्तर. एकदा पाय लागला की म्या परत खेळाडू होतो बगा. मग ह्या पोरांचा खेळ कोन बगनार?"

पुढे मी हेडमास्तर झालो. नवे शिक्षक शिकवताना मागच्या बाकावर बसायचो. कुणी फळ्यापाशी अडखळलं की खडू घ्यायला माझा हात शिवशिवायचा. मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो.