पानाची मागची बाजू

वाचनालयात पुस्तकं बांधणाऱ्या बाईंना सगळे टाकेबाई म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी फाटक्या पुस्तकांना टाके घातले होते, आणि हातात आलेली कुठलीही गोष्ट आधी उलटीपालटी करून बघायची त्यांना खोडच होती.

एकदा रानफुलांच्या चित्रांचा एक ग्रंथ त्यांच्या टेबलावर आला. निम्मी पानं कसरीनं फस्त केलेली. सुदैवानं त्याची मूळ, हातानं काढलेली एकशे वीस चित्रं एका संग्रहालयानं इंटरनेटवर ठेवली होती, आणि ती कोणीही उतरवून घ्यावीत अशी मुभाही होती. टाकेबाई एकेक चित्र उतरवू लागल्या. चौथ्याला त्यांच्या लक्षात आलं, की पत्ता तोच राहतो, फक्त शेवटचा आकडा बदलतो. मग हे एकेक कशाला?

त्यांची सून संगणकाच्या नोकरीत होती. तिनं घरी संगणकावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून, फायली उतरवणारा कर्ल नावाचा प्रोग्राम दाखवला. पत्त्यात आकड्याच्या जागी चौकोनी कंस घालायचा, आत एक ते एकशे वीस लिहायचं. बाकीची धावपळ तो करतो. सगळी एकाच नावानं उतरून एकमेकांवर पडू नयेत म्हणून फायलीच्या नावात तोच आकडा येईल अशी खूणही तिनं घातली.

उतरली मात्र एकवीसच चित्रं. सून चक्रावली. टाकेबाईंनी यादी वरून खाली वाचली आणि म्हणाल्या, शंभराच्या पुढचीच आलीत, कारण त्यांच्याकडे पहिलं पान शून्य शून्य एक आहे. कंसात तसं लिहिल्यावर सगळी आली.

"पण पत्त्यात आकड्याला चिकटून शेवटी हा इंग्रजी ए कशाला?" त्यांनी विचारलं.

"असेल कोणाची तरी लहर, आई."

"ए आहे म्हणजे बी असणार. पानाला पाठ असते."

सुनेनं ए च्या जागी महिरपी कंसात ए आणि बी लिहिलं, मध्ये स्वल्पविराम दिला, आणि फायलीच्या नावातही ते अक्षर येईल अशी खूण वाढवली. या वेळी दोनशे चाळीस फायली उतरल्या. संग्रहालयानं दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते, दाखवल्या फक्त पुढच्या.

बहुतेक पाठी कोऱ्या होत्या. काहींवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. एकीवर: आज पाकळ्या मिटलेल्या, उद्या सकाळी पुन्हा. आणि नऊ पानांवर त्याच अक्षरात: हे बहिणीनं काढलं.

टाकेबाई खुर्चीत टेकल्या. ग्रंथावर नाव एकट्या भावाचं होतं.

त्यांनी संग्रहालयाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: पाठी कोणाला बघायच्या असतील असं वाटलंच नव्हतं, आता त्याही दाखवू, बहिणीचं नाव मात्र आम्हालाही ठाऊक नाही, शोधतो आहोत. टाकेबाईंनी ग्रंथ नव्यानं बांधला आणि लिहिलेली प्रत्येक पाठ त्या त्या चित्रामागे छापून घेतली.

बांधता बांधता त्यांची नजर तयार झाली. बहीण देठापासून सुरुवात करायची, रेघ न उचलता वर न्यायची. तशी आणखी चार चित्रं त्यांना सापडली, पाठ कोरी असलेली. त्याबद्दल त्यांनी दुसरं पत्र धाडलं आहे. संग्रहालयाला ते अजून पटलेलं नाही.