काजळाची मिशी

नातीसाठी काजळ धरताना त्याचा वास आला आणि देवपूरची शाळा आठवली.

एके दिवशी बाईंनी वर्गात राजकन्येच्या गोष्टीचं नाटक बसवलं आणि गोष्टच उलटी केली. मुलगे राजकन्या झाले, मुली राजपुत्र. माझ्या ओठावर काजळाची मिशी काढली. मी फूटपट्टीची तलवार उगारली, तोच मला न्यायला आलेले आबा, माझे वडील, दारात दिसले.

"बाई, हाऊ कोना पोऱ्या शे?" हा कुणाचा मुलगा, असं त्यांनी थंडपणे विचारलं. माझी शाळा आता सुटणार, एवढंच मला कळलं.

वाटेत पांझरा नदीच्या काठी त्यांनी धोतराचा सोगा भिजवून माझी मिशी पुसली. "तुनी मायले सांगू नको," आईला कळू देऊ नको, म्हणाले. मिशी गेल्यावरही ते ओठ घासतच राहिले. मला तो राग वाटला. आता वाटतं, माझी शाळा सुटेल म्हणून तेही माझ्याइतकेच घाबरले होते.